परका ण

म्हात्रे सर वर्तमानपत्र वाचताना आधी अंगठा ठेवत. भाषण असो, निवेदन असो, बोलणाऱ्याचं नाव जिथे छापलेलं असेल तिथे उजव्या हाताचा अंगठा दाबून ठेवायचे आणि मग उरलेला मजकूर वाचायचे. ओठ हलत. मान जरा कललेली असे, भिंतीपलीकडचं बोलणं ऐकावं तशी. वाचून संपलं तरी अंगठा लगेच उचलत नसत. थोडा वेळ तसेच बसत आणि माझ्याकडे न बघता विचारत, "नंदा, याला काय पायजे गो?"

कोण बोललं, हे ते कधी आधी विचारत नसत.

सर गेले त्याला अजून फार दिवस झालेले नाहीत. वाचनालयात वर्तमानपत्रं येतात, मी ती दांडीला लावते आणि दाराशेजारच्या टेबलाकडे बघायचं टाळते. रोह्याच्या आमच्या महाविद्यालयात मी ग्रंथपाल आहे. सर तिथे राज्यशास्त्र शिकवायचे, त्यातही परराष्ट्र धोरण. आधी मी त्यांची विद्यार्थिनी होते, मग सहकारी झाले. त्यांच्या वागण्यात यामुळे काही फरक पडला नाही. पेणहून एसटीने यायचे. वडखळ, नागोठणे, मग खिंड ओलांडून रोहा. निवृत्तीनंतरही आठवड्यातून एखादी खेप असेच. घरात वर्तमानपत्र वाचलं तर सुमतीकाकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, त्या ओठ हलवण्याची भीती वाटते, असं म्हणायचे आणि हसायचे.

त्यांच्या बोलण्यात ण नव्हता. वडखळच्या पलीकडे, खाडीच्या काठावर त्यांचं गाव. मिठागरं आणि खारी शेती. तिथली भाषा त्यांनी वर्गातही सोडली नाही. लिहिताना अक्षर न् अक्षर शुद्ध, पण बोलताना पानी, कोन, धोरन. मराठीच्या बाई एकदा सर्वांदेखत म्हणाल्या, "सर, एवढे वाचता, एक ण काय तुम्हाला जड झालाय?" सर म्हणाले, "जड नाय बाई, तो मी लिहायला ठेवलाय. बोलायला काढला तर झिजंल."

पहिल्या तासाला ते पुस्तक उघडत नसत. खुर्ची ओढून मुलांसमोर बसायचे आणि सांगायचे, "माझी आय झाड होती."

मुलं हसायची. एखादा विचारायचा, "कसलं सर, आंब्याचं का फणसाचं?"

"हस, हस. मानसातलं झाड. गावदेवी जिच्या अंगात येते ती बाई म्हंजे झाड. आमच्याकडं तसंच बोलतात. झाड बोलतं म्हंजे बाई बोलत नाय, वारा बोलतो." मग ते सांगत की देवी कधी कधी नुसतं सोंग असतं, दुसरंच काहीतरी आत शिरलेलं असतं. म्हणून त्यांचा मामा, जो गावचा भगत होता, तो समोर बसून तीन प्रश्न विचारायचा. कोन हायस? कुठनं आलास? काय पायजे?

"मामा मला सांगायचा, पहिल्या दोनांवर इश्वास ठेवायचा नाय. नाव खोटं सांगंल, गाव खोटं सांगंल. पन काय पायजे ते खोटं सांगता येत नाय, कारन खोटं सांगितलं तर मिळनार नाय. कोंबडा पायजे असंल तर कोंबडाच बोलायला लागतं." एवढं झालं की ते उठून फळ्यावर लिहीत: परराष्ट्र धोरण. आणि वळून म्हणत, "आता तुमचा विषय हाच."

वर्षभर मग ते जगाकडे याच नजरेनं बघायला लावत. दूरच्या मोठ्या देशातल्या एका खासदाराची गोष्ट ते दरवर्षी सांगत. नाव देत नसत. निवडून यायला पैसा लागतो. शस्त्रं बनवणारी एक कंपनी तो देते, राजरोस, कायद्यात बसवून. बदल्यात काही मागत नाही. फक्त तिची माणसं त्याला भेटत राहतात, चांगल्या ठिकाणी जेवायला नेतात, सुबक छापलेले अहवाल वाचायला देतात. दोन-तीन वर्षांनी तो सभागृहात उभा राहतो आणि कळवळून सांगतो की अमुक एका छोट्या देशापासून आपल्याला मोठा धोका आहे. तो देश त्याला आदल्या वर्षी नकाशावर दाखवता आला नसता.

"म्हणजे लाच," मुलं म्हणायची.

"लाच सोपी रे. लाच खाल्लेल्या मानसाला म्हायती असतं की आपन खाल्ली. हा खोटं बोलत नाय. याचे डोळे भरून आलेत. याला वाटतंय, हे मला सुचलं." मग ते म्हणत, "आनि त्या छोट्या गावावर जो बॉम्ब पडतो तो खराच असतो."

त्या मोठ्या देशात म्हणे कंपन्यांच्या वतीनं अशी शिफारस करणाऱ्यांची कचेरी असते, दारावर पाटी असते, कोणासाठी काम करतो त्याची नोंद करावी लागते. "तिकडं भगताच्या दारावर पाटी हाय. आपल्याकडं पाटी नाय, एवढाच फरक. वारा तोच."

आईची पुढची गोष्ट मात्र त्यांनी वर्गात कधी सांगितली नाही. ती मला कळली ती अंबा नदीला पूर आला म्हणून. नागोठण्यात पाणी भरलं होतं, एसटी बंद, सर दुपारभर वाचनालयात अडकले होते. बाहेर पावसानं भर दुपारी दिवेलागणीसारखं झालं होतं. मी चहा दिला. ते कपाकडे बघत बोलायला लागले.

ते लहान असताना गावात एक माणूस येऊ लागला. पांढरे कपडे, मऊ बोलणं. कुठल्याशा कंपनीला खाडीलगतची जमीन जहाजांच्या धक्क्यासाठी हवी आहे, अशी कुणकुण होती. पण हा माणूस जमिनीबद्दल अवाक्षर काढत नसे. देवळात यायचा, नमस्कार करायचा, बसायचा. सरांच्या आईला आई म्हणायचा. देवळाचं छप्पर गळत होतं, ते त्यानं नवं करून दिलं. त्या वर्षी जत्रेत आईच्या अंगात वारं आलं.

"आय घुमायला लागली. मी पुढंच बसलेलो. नि ती बोलली, 'गावाने सहकार्य करावे. हा प्रश्न सर्वांच्या कल्याणाचा आहे.'" सरांनी कप बाजूला ठेवला. "कल्यानाचा नाय गो. ते अक्षर सरळ आलं, पुस्तकातल्यासारखं. आमच्या अख्ख्या गावात ते अक्षर कोनाच्या तोंडात नव्हतं. आय कधी शाळेत गेली नव्हती. मामा पुढं सरकला. त्यानं विचारलं, काय पायजे? नारळ? कोंबडा? आय त्याच्याकडं बघून हसली. बोलली, 'सह्या.'"

खिडकीच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"त्यांनी पैसे दिले होते का तुमच्या आईला?" मी विचारलं.

"एक पैसा नाय. तेच तर. शुद्धीवर आली नि म्हनाली, पानी दे रं. पानी. मी विचारलं, आय, तू सह्या बोललीस? तर बोलते, कसल्या सह्या? ती खोटं बोलत नव्हती, नंदा. खोटं बोलत असती तर मी सुखानं जगलो असतो."

गावानं सह्या दिल्या. धक्का झालाच नाही, कंपनी दुसरीकडे गेली. जमीन मात्र गावाची राहिली नव्हती. बांधाची देखभाल सुटली, खारं पाणी आत आलं. आज तिथे भाताऐवजी तिवरांची झुडपं आहेत. आई पुढे जगली, पण वारं परत कधी आलं नाही. आणि ती बोलायच्या आधी मुलाकडे बघायची, हे आपलंच आहे ना, असं विचारल्यासारखं.

मला तेव्हा समजलं की सरांना राज्यशास्त्राची आवड नव्हती. त्यांना भीती होती. आपल्या तोंडून एक दिवस दुसरं कोणी बोलेल, ही.

काही वर्षांपूर्वी एका दूरच्या सामुद्रधुनीवरून देशादेशांत ताण वाढला होता. आपण कोणाच्या बाजूनं उभं राहायचं, कोणाची जहाजं आपल्या बंदरात येऊ द्यायची, यावर रोज काही ना काही छापून यायचं. सर अंगठा ठेवून वाचत होते आणि एका सकाळी अंगठा न उचलता त्यांनी मला जवळ बोलावलं.

"हे वाच. नि कालचं काढ. परवाचंही."

परदेशातला एक मंत्री, आपला एक प्रवक्ता, एक निवृत्त अधिकारी, एक अग्रलेख. चौघांत एक वाक्य तेच होतं. समुद्र मोकळा राहिला पाहिजे; हे कोणाच्याही विरोधात नाही.

"चांगलं आहे की वाक्य," मी म्हटलं.

सरांनी वर्तमानपत्र बाजूला सारलं. "तू खांब गावची. डोंगराकडली भाताची मानसं तुम्ही, वाल पेरनार, सुखानं झोपनार. तुला नाय कळायचं." मग त्यांनी सांगितलं. खाडीकाठची सगळी शेती समुद्राच्या पातळीला, कुठे त्याच्याही खाली. बांध घालून समुद्र बाहेर ठेवायचा. बांधाला भोक पडलं की त्याला खांड म्हणतात, आणि खांड पडली ही हाक आली की माणूस जेवणावरून उठून पळतो. एक भरती आत आली तर शेत काही वर्षं पिकत नाही. "आमच्याकडं समुद्र मोकळा झाला ही मयताची खबर असते. इथला कोन हे वाक्य बोलंल तर समजायचं, तो बोलत नाय."

आणि ते इथेच बोललं गेलं. निवडणूक आली. सरांच्या गावाजवळ प्रचाराची सभा होती, उमेदवार दिनेश ठाकूर, सरांचाच जुना विद्यार्थी, खाडीकाठचाच मुलगा. सरांनी मला सोबत नेलं. दिनेश रस्त्याबद्दल बोलला, पाण्याच्या लाइनबद्दल बोलला, लोक ऐकत होते. मग त्याचा आवाज बदलला. जरा खाली आला, गुळगुळीत झाला. तो त्या सामुद्रधुनीबद्दल बोलू लागला. आणि म्हणाला, "समुद्र मोकळा राहिला पाहिजे!"

पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठली. "काय बोललास रं दिन्या? समुद्र मोकळा?"

"आजी, ते तिकडचं..."

"तिकडचं तिकडं बोल! तुझा बापूस खांडीत चिखल टाकता टाकता म्हातारा झाला नि तू समुद्र मोकळा करतंस? थोबाड धुऊन ये!"

हशा पिकला. दिनेशही हसला, पण घाम पुसत. सर हसले नाहीत. सभा संपल्यावर त्यांनी त्याला गाडीपाशी गाठलं.

"दिनेश, ते वाक्य कुठनं आलं?"

"सर, भाषन वरनं येतं."

"वरनं म्हंजे?"

"पक्षातनं."

"पक्षात कुठनं?"

दिनेशनं आजूबाजूला पाहिलं. "ज्यांनी सगळा खर्च उचललाय त्यांचे लोक लिहून देतात. बंदरांचा धंदा हाय त्यांचा, बाहेरच्या कोनाशीतरी भागीदारी हाय. मला काय सर, मी रस्त्याच्या कामावर निवडून येनार. पन एक सांगू? मी कागद बघितलाच नव्हता. ते आपोआप आलं तोंडात. मला वाटलं, माझंच हाय."

सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आम्ही वडखळला परतलो. उतरताना म्हणाले, "आयसारखंच बोलला गो. अगदी तसंच."

त्यानंतरच्या वर्षी त्यांना एका संस्थेचं बोलावणं आलं. समुद्र आणि शेजारी देश असा काहीतरी विषय, दिल्लीत, मोठ्या हॉटेलात. सुमतीकाकू म्हणाल्या, जा, कधी कुठे गेला नाहीत. सर गेले. त्यांना तिथे ती वाक्यं कुठून येतात ते बघायचं होतं. मानधन घेतलं नाही, येण्याजाण्याचं तिकीट स्वतःचं काढलं. आल्यावर खुशीत होते. माणसं अदबीची होती, म्हणाले. खाडीच्या गावांबद्दल त्यांना एवढं कोणी कधी विचारलं नव्हतं. जेवताना शेजारी बसून ऐकत होते सगळे. "नि मी बोललो हां, नंदा. तोंडावर बोललो. तुम्ही सगळी झाडं हायत, असं बोललो."

काही आठवड्यांनी त्या भाषणाची चित्रफीत इंटरनेटवर आली. मी वाचनालयातल्या संगणकावर लावली. सर खुर्ची ओढून बसले, सवयीनं मान कलती. पडद्यावरचे सर आईबद्दल सांगत होते, झाडाबद्दल सांगत होते, लोक हसत होते, माना डोलवत होते. मग शेवट आला. पडद्यावरच्या सरांनी हात वर केला, नेहमी करतात तसाच, आणि म्हणाले, "समुद्र मोकळा राहिला पाहिजे. हे कोणाच्याही विरोधात नाही."

टाळ्या वाजल्या. बराच वेळ.

"मागं घे," सर म्हणाले.

मी मागे घेतलं. पुन्हा तेच.

"सर, हल्ली खोट्या चित्रफिती बनवतात," मी म्हटलं. "आवाजसुद्धा बनवतात."

"हात बघ ना. माझाच हात हाय तो." ते पडद्याच्या अगदी जवळ गेले. "नि ऐकलंस? कोनाच्या नाय बोललो. ऐक परत."

मी परत लावलं. कोणाच्याही. ण स्वच्छ होता, सरळ, पुस्तकातल्यासारखा.

"मला आठवत नाय," सर म्हणाले. बोलताना ते माझ्याकडे बघत होते, खात्री करून घेतल्यासारखं. "मी पैसे घेतले नाय, नंदा. फक्त जेवलो."

त्या दिवसापासून सरांनी बोलणं कमी केलं. व्याख्यानं बंद. वाचनालयात येत, वाचत, पण प्रश्न विचारत नसत. एखादं वाक्य सुरू करायचे आणि अर्ध्यात थांबून ते चाखल्यासारखे गप्प व्हायचे. मी विचारलं तर म्हणायचे, "थांब, हे माझं हाय का बघतो."

यंदा त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. काही आठवड्यांनी घरी आणलं तेव्हा काकूंचा फोन आला. "ये गो. बोलायला लागलेत. पन तू ये."

त्यांच्या पेणच्या गल्लीत गणपतीचे कारखाने आहेत. परदेशात जायच्या मूर्ती आधी तयार होतात. दोन्ही बाजूंना ओळीनं पांढऱ्या मूर्ती वाळत होत्या, डोळ्यांची आखणी अजून झालेली नव्हती. मी मधून चालत गेले आणि बाहेरूनच मला सरांचा आवाज ऐकू आला. क्षणभर बरं वाटलं. मग शब्द कळले.

सर उशांना टेकून बसले होते. काकू पलंगाच्या कडेला. सरांनी मला पाहिलं, ओळखलं, डोळे भरले. तोंड उघडलं आणि ते म्हणाले, "समुद्र मोकळा राहिला पाहिजे. हे कोणाच्याही विरोधात नाही."

"एवढंच बोलतात," काकू म्हणाल्या. "भूक लागली तरी हेच, दुखलं तरी हेच. डॉक्टर बोलला, मेंदूत एखादं वाक्य अडकून ऱ्हातं. कधी शिवी ऱ्हाते, कधी देवाचं नाव. शिवी ऱ्हायली असती तरी चाललं असतं गो. पन हे? आमी खाडीची मानसं. नि लग्न झाल्यापासनं या मानसाच्या तोंडात मी कधी हे अक्षर ऐकलं नाय."

डॉक्टर म्हणाले तसं मीही वाचलेलं आहे. ते खरं आहे. खोलीत मात्र ते पुरत नव्हतं.

काकूंनी पाण्याचा पेला त्यांच्या ओठांपुढे धरला. "पानी बोला. नुसतं पानी. एकदा तुमचं म्हनून काहीतरी बोला."

सरांनी जीव एकवटला. मानेच्या शिरा ताठ झाल्या. "पा," ते म्हणाले. काकू पुढे झुकल्या. "पा... पाहिजे. राहिला पाहिजे."

काकूंनी पेला खाली ठेवला. पदर कमरेला खोचला आणि पलंगावर त्यांच्या समोर मांडी घालून बसल्या. मी त्या घरात इतकी वर्षं जात होते, त्यांना असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. आवाज त्यांचा नेहमीचा राहिला नाही.

"कोन हायस तू?"

सर त्यांच्याकडे बघत होते.

"कुठनं आलास?"

बाहेर कारखान्यात कोणीतरी पॉलिश पेपर घासत होतं, तो आवाजही मधेच थांबला.

"काय पायजे? नारळ घे, कोंबडा घे, माझं काय हाय ते घे. या मानसाला सोड."

सरांचं तोंड उघडलं. "समु..." असा आवाज आला. आणि तेवढ्यात त्यांचा डावा हात हलला, जो चालत होता तो. हळूहळू वर आला, मधे अडला, पण आला. त्यांनी आपला अंगठा स्वतःच्या ओठांवर ठेवला आणि घट्ट दाबला.

काकू रडायला लागल्या. मला रडू आलं नाही. सरांची मान जरा कलली होती. अंगठ्याखाली ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. आणि डोळे माझ्याकडे होते, वाचनालयात अंगठा ठेवलेला असताना कधीच नसत तसे.

सर अंगठा लगेच उचलत नसत. मी सवयीनं त्यांच्या प्रश्नाची वाट बघत बसले.